घर्षण नाहींसें होतें तेव्हां



माझी सारी नोकरी प्राथमिक शाळेंत मुलांना शिकविण्यांत गेली. सातवीचा विज्ञानाचा तास माझ्याकडे असे. मी त्या विषयांत पारंगत होतों म्हणून नव्हे, तर दुसरे कोणी तो घ्यावयास तयार नसत म्हणून. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. क्रमिक पुस्तकांत जें छापलेलें असेल तें नीट उलगडून सांगावें, फळ्यावर आकृति काढावी आणि मुलांकडून पाठ करून घ्यावें, एवढाच माझा अधिकार. अशाच एका तासाला घर्षणाचा धडा चालला होता. कोणताही पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यावर बारीक उंचवटे आणि खळगे असतात. दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकूं लागले म्हणजे एकाचे उंचवटे दुसऱ्याच्या खळग्यांत अडकतात. हें अडकणें म्हणजेच घर्षण. पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितकें घर्षण कमी. जातें गुळगुळीत झालें म्हणजे दाणे नीट दळले जात नाहींत, म्हणून त्याला टांकी लावून घेतात, हा दाखला मीं दिला आणि धडा संपविला.

तोंच मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याच्या वडिलांचें तावदानांचें आणि तसबिरींना चौकटी बसवून देण्याचें दुकान होतें. तो म्हणाला, "गुरुजी, मग आमचे बाबा दोन कांचांच्या मध्यें कागद कां घालतात? कागद नसला तर कांचा एकमेकींना धरून बसतात, सरकवूं म्हटलें तरी सरकत नाहींत. कांच तर सगळ्यांत गुळगुळीत!" मला उत्तर सुचलें नाहीं. "चिकटणें निराळें आणि घर्षण निराळें," असें कांहींतरी बोलून मीं त्याला खालीं बसविलें आणि पुढच्या धड्याकडे वळलों.

ह्या गोष्टीला तीस वर्षें होऊन गेलीं. निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली तेव्हां मला कळून आलें कीं, त्या मुलाचा प्रश्न युरोपांतल्या थोर थोर पंडितांनाही २०० वर्षांहून अधिक काळ छळीत होता. इतकेंच नव्हे, तर त्या प्रश्नाचा माग काढीत गेलें असतां माणूस शेवटीं अशा एका ठिकाणीं पोंचतो कीं, जेथें दोन कोरडे घन पदार्थ एकमेकांवर सरकत असतात, मध्यें तेल नसतें, पाणी नसतें, आणि तरीही घर्षण जवळजवळ शून्य असतें. ह्या स्थितीला आपण अतिस्निग्धता म्हणूं. तिचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

घर्षणाचा नियम प्रथम कोणीं लिहून ठेवला ह्याचा नक्की उलगडा अगदीं अलीकडे, २०१६ सालीं झाला. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत लिओनार्दो द विंची ह्याची एक लहानशी टिपणवही आहे. तिच्या एका पानावर एका वृद्ध स्त्रीचें चित्र आहे, आणि पाहणाऱ्यांचें लक्ष साहजिकच तिच्याकडे जाई. त्याच पानावर खालीं तांबड्या खडूनें कांहीं पुसट आकृत्या काढल्या आहेत: ठोकळ्यांच्या रांगा, त्यांना बांधलेली दोरी, ती दोरी कप्पीवरून खालीं सोडून तिला टांगलेलें वजन. १९२० नंतरच्या दशकांत संग्रहालयाच्या एका संचालकानें ह्या आकृत्यांना बिनमहत्त्वाच्या ठरवून बाजूला सारलें होतें. केंब्रिजच्या इयन हचिंग्ज ह्या प्राध्यापकानें त्यांचा अर्थ लावला. तें पान १४९३ सालचें असून घर्षण वजनाच्या प्रमाणांत वाढतें, टेकलेलें क्षेत्रफळ लहान असो वा मोठें असो त्यानें फरक पडत नाहीं, हे दोन्ही नियम त्यांत आहेत. ओढावयास लागणारा जोर वजनाच्या चौथा हिस्सा असतो, असेंही लिओनार्दोनें अन्यत्र नोंदलें आहे. परंतु त्यानें ह्यांतलें कांहींच प्रसिद्ध केलें नाहीं. विद्या वहींत राहिली, आणि जगाला ती पुन्हां पहिल्यापासून शोधावी लागली.

ती शोधणारा पहिला मनुष्य गिलोम आमोंताँ. हा फ्रेंच गृहस्थ लहानपणींच बहिरा झाला होता. बहिरेपणामुळें अभ्यासांत व्यत्यय येत नाहीं म्हणून त्यानें उपचारही नाकारले, असें सांगतात. १६९९ सालीं त्यानें पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें तेच दोन नियम मांडले. क्षेत्रफळाचा संबंध नाहीं, हें ऐकून अकादमीचे सभासद चकित झाले, आणि पडताळा पाहण्यासाठीं दुसऱ्या एका सभासदाकडून प्रयोग करवून घेण्यांत आले. नियम खरे ठरले. आमोंताँला मात्र घर्षण वजनाच्या तिसरा हिस्सा भरलें, मग तें लोखंड असो, तांबें असो, शिसें असो कीं लांकूड. सर्व पदार्थांना एकच मोजमाप कसें, ह्याचें कारण गमतीचें आहे. त्यानें प्रत्येक पृष्ठभागाला डुकराची चरबी फासली होती. तेव्हां तो बहुधा चरबीचेंच घर्षण मोजीत होता! पण कारण सांगतांना त्यानें उंचवटे आणि खळगे यांचें चित्र रंगविलें, आणि तें चित्र इतकें सोपें होतें कीं माझ्या क्रमिक पुस्तकापर्यंत तें जसेंच्या तसें चालत आलें.

त्या मुलाची बाजू घेणारा एक साक्षीदार मात्र अठराव्या शतकांतच उभा राहिला होता. जॉन देझागुलिए हा फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबांतला, इंग्लंडांत वाढलेला. त्यानें शिशाचे दोन गोळे घेतले, प्रत्येकाची एक लहानशी चकती छाटली आणि त्या ताज्या कापलेल्या जागा पिळा देऊन एकमेकींवर दाबल्या. गोळे असे जखडले कीं त्यांना अलग करावयास त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट जोर लागला. १७३४ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें लिहिलें कीं, पृष्ठभाग फारच गुळगुळीत केले तर घर्षण कमी न होतां उलट वाढतें. म्हणजे कांचवाल्याच्या मुलाचेंच म्हणणें. पण त्याचें म्हणणें टिकलें नाहीं, कारण त्याला एका आक्षेपाचें उत्तर देतां येईना. चिकटण्यामुळें घर्षण होत असेल तर मोठी जागा अधिक चिकटावी आणि घर्षण क्षेत्रफळाबरोबर वाढावें. आणि तें तर वाढत नाहीं, हें आमोंताँनें सिद्ध केलेलें.

ह्याच आक्षेपानें कूलोमलाही रोखलें. विद्युत्शास्त्रांतल्या नियमामुळें शार्ल कूलोम हें नांव आपल्या कानांवर असतें. परंतु तो मूळचा लष्करी इंजिनीअर, वेस्ट इंडीजमधल्या मार्तिनिक बेटावर किल्ला बांधण्यांत नऊ वर्षें घालविलेला. परत आल्यावर रोशफोरच्या आरमारी गोदींत त्यानें घर्षणाचे प्रयोग केले. प्रश्न व्यवहाराचा होता: जहाजें पाण्यांत उतरवावयाचीं, दोर आणि कप्प्या ओढावयाच्या, त्याला जोर किती लावावा? १७८१ सालीं त्याला अकादमीचें पारितोषिक मिळालें आणि निबंध १७८५ सालीं छापला गेला. चिकटण्याची शक्यता त्यानें विचारांत घेतली, आणि क्षेत्रफळाच्या त्याच मुद्द्यावर ती सोडून दिली. दोन ब्रशांचे केंस एकमेकांत गुंतावे तसे पृष्ठभाग गुंततात, असें त्यानें ठरविलें. कूलोमसारख्या काटेकोर माणसानें शिक्का मारल्यावर पुढें फारसें कोणी बोललें नाहीं.

एक मात्र बोलला, आणि तो काय बोलला तें श्रोत्यांनीं नीट लक्षांत ठेवावें. कारण आजच्या सगळ्या गोष्टीची किल्ली त्यांत आहे. जॉन लेस्ली हा स्कॉटलंडचा गणिती. उष्णतेवरील आपल्या १८०४ सालच्या ग्रंथांत त्यानें विचारलें: उंचवट्यावर चढावयास शक्ति लागते हें मान्य; पण चढलेली वस्तु लगेच पलीकडच्या खळग्यांत उतरतेही. चढतांना जेवढी शक्ति खर्च झाली तेवढी उतरतांना परत मिळावयास हवी. झोंपाळा वर जातो तो खालीं येतांना मिळालेल्या वेगाच्या जोरावरच ना? मग उंचसखल पृष्ठभागावरून सरकतांना शक्ति कायमची नाहींशी कां होते? खडबडीतपणा हें घर्षणाचें कारण असेल, तर शेंकडों चढ आणि शेंकडों उतार मिळून हिशेब शून्यावर यावयास पाहिजे. ह्या आक्षेपाला खडबडीतपणाच्या बाजूनें आजतागाईत उत्तर मिळालें नाहीं. मीं पुस्तकांत तो वाचला त्या दिवशीं माझ्या वर्गांत लेस्ली बसलेला नव्हता हें माझें भाग्य, असें मनांत आलें. आणि लगेच आठवलें कीं, तसा एक बसलेला होताच.

देझागुलिएला न्याय मिळावयास विसावें शतक उजाडावें लागलें. केंब्रिज येथें फिलिप बाउडन आणि डेव्हिड टेबर ह्यांनीं १९३९ सालीं दाखविलें कीं, दोन घन पदार्थ एकमेकांवर ठेवले म्हणजे ते दिसतात तेवढ्या सर्व जागेवर टेकतच नाहींत. टेकतात तीं फक्त कांहीं शिखरें. एक देश उचलून, उलटा करून दुसऱ्या डोंगराळ देशावर ठेवावा तसा हा प्रकार, असें बाउडननें १९५० सालीं बी. बी. सी.वरील एका भाषणांत श्रोत्यांना समजावून दिलें. त्यानें स्वित्झर्लंड ऑस्ट्रियावर पालथा घातला होता, आपण सह्याद्रि सातपुड्यावर घालावा. वजन वाढलें कीं शिखरें चेपतात आणि खरी टेकलेली जागा त्याच प्रमाणांत वाढते. म्हणजे घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून असतें हें खरें, पण डोळ्यांना दिसणाऱ्या नव्हे, खऱ्या टेकलेल्या क्षेत्रफळावर! आणि त्या टेकलेल्या जागीं धातु धातूला चक्क जडतो. सरकावयाचें तर ते जोड तोडावे लागतात. स्वच्छ आणि सपाट कांचा एकमेकींना धरून ठेवतात तें ह्यामुळेंच. चिकटणें निराळें आणि घर्षण निराळें, हें माझें उत्तर साफ चुकलें होतें.

तरीही एक प्रश्न राहिला. कांहीं तुटत नाहीं, कांहीं झिजत नाहीं, अशा दोन शुद्ध आणि कठीण पृष्ठभागांत घर्षण असतें कां? इंग्लंडांतल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत टॉमलिन्सन ह्यानें १९२९ सालीं परमाणूंच्या भाषेंत ह्याचा विचार केला. जर्मनीच्या प्रांड्टलनें त्याच्या आदल्याच वर्षीं जवळजवळ तीच कल्पना मांडली होती. वरच्या पृष्ठभागाचा परमाणु खालच्या परमाणूंमधल्या खळग्यांत बसलेला असतो. ओढला म्हणजे तो कांहीं वेळ धरून राहतो, ताणला जातो, आणि मग एकाएकीं सुटून पुढच्या खळग्यांत उडी घेतो. सतारीची तार नखीनें ओढून सोडावी तशी ही उडी. तार थरथरते, तसा परमाणु थरथरतो आणि ती थरथर उष्णता होऊन पसरते. लेस्लीनें विचारलेली हरवलेली शक्ति येथें सांपडते: परमाणु उतारावरून सावकाश उतरत नाहीं, तो कोसळतो, म्हणून चढतांना दिलेलें परत मिळत नाहीं.

आणि कोसळण्याची वेळच आली नाहीं तर? घरांतल्या दोन सारख्या फण्या घेऊन दांतांत दांत बसवून पाहा. त्या अडकतात, एक सरकवावयाची तर सगळे दांत एकदमच उचलावे लागतात. पण एक फणी बारीक दांतांची आणि दुसरी जाड दांतांची असली तर तीं माप जुळत नाहीं. कांहीं दांत चढावर असतात, त्याच क्षणीं कांहीं उतारावर असतात. उतरणारे चढणाऱ्यांना ढकलतात, आणि हिशेब जागच्या जागीं मिटतो. रशियाच्या फ्रेंकेल आणि कोंतोरोवा ह्यांनीं १९३८ सालीं परमाणूंच्या रांगांचें जें गणित मांडलें, त्यांतून पुढें ही कल्पना गणितानें बांधतां आली. पृष्ठभाग पुरेसे कठीण असले आणि त्यांची माप जुळत नसली, तर परमाणूंनीं उड्या न घेतां अलगद सरकावें, आणि घर्षण नाहींसें व्हावें. कागदावर तर असें दिसलें.

हें पडताळून पाहावयास पदार्थ लागतो तो प्रत्येक शाळकरी मुलाच्या कंपासपेटींत असतो. पेन्सिलींतल्या ज्या काळ्या कांडीला आपण शिसें म्हणतों तें शिसें नव्हे, ग्रॅफाइट आहे. सोळाव्या शतकांत इंग्लंडच्या बॉरोडेल खोऱ्यांत तें सांपडलें, तेव्हां मेंढपाळ त्यानें मेंढ्यांवर खुणा करीत. तो शुद्ध कार्बन आहे, हें स्वीडनच्या शीले ह्यानें १७७९ सालीं सिद्ध केलें. कार्बनचे परमाणु त्यांत मधाच्या पोळ्याप्रमाणें षट्कोनी जाळीच्या थरांत मांडलेले असतात. थरांत परमाणूंचा बंध अत्यंत बळकट. पण एका थराची दुसऱ्याशीं पकड सैल. पत्त्यांच्या गड्ड्यांतले पत्ते घसरावे तसे हे थर घसरतात म्हणून ग्रॅफाइट निसरडें, असें पुष्कळ दिवस सांगितलें जाई. पण दुसऱ्या महायुद्धांत विमानें फार उंचावरून उडूं लागलीं, तेव्हां त्यांच्या विजेच्या जनित्रांतले ग्रॅफाइटचे ब्रश भराभर झिजून धूळ होऊं लागले. वरची हवा विरळ आणि कोरडी. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनींतल्या रॉबर्ट सॅव्हेज ह्यानें १९४८ सालीं दाखविलें कीं, ग्रॅफाइटच्या रोजच्या निसरडेपणाला हवेंतल्या ओलाव्याची मदत लागते. नुसत्या पत्त्यांच्या गोष्टीनें काम भागत नव्हतें. सोपें स्पष्टीकरण दुसऱ्यांदा उघडें पडलें.

त्यानंतर परमाणूंना चांचपणारें साधन हातीं आलें. १९८६ सालीं बिनिग, क्वेट आणि गेर्बर ह्यांनीं परमाणवीय बल सूक्ष्मदर्शक बनविला. अत्यंत बारीक टोंक पृष्ठभागावरून फिरवावें आणि त्याला होणारी ओढ मोजावी, अशी त्याची रीत. पुढच्याच वर्षीं आय. बी. एम. कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील प्रयोगशाळेंत मेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं टंगस्टनचें टोंक ग्रॅफाइटवरून ओढलें. टोंक थांबे, सुटे, थांबे, सुटे. आणि दोन थांब्यांतलें अंतर ग्रॅफाइटच्या जाळींतल्या अंतराएवढेंच, मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या सुमारें पाव हिस्सा. टॉमलिन्सनची सतार ५८ वर्षांनीं ऐकूं आली.

घर्षण शून्यावर येईल असें ठामपणें सांगण्याचें धाडस जपानच्या मोतोहिसा हिरानो आणि काझुमासा शिंजो ह्यांनीं १९९० सालीं केलें. दोन स्वच्छ स्फटिकांची मांडणी जुळत नसेल तर घर्षण लोप पावतें, असें त्यांचें गणित सांगे, आणि ह्या स्थितीला त्यांनीं जें इंग्रजी नांव दिलें त्याचेंच अतिस्निग्धता हें आपण भाषांतर केलें आहे. १९९१ सालीं त्यांनीं अभ्रकाचे पापुद्रे एकमेकांवर फिरवून घर्षण कोनाप्रमाणें बदलतें हें दाखविलें. शंकाकुशंका पुष्कळ निघाल्या. १९९३ सालीं फ्रान्समधल्या लियों येथें मार्तें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं मॉलिब्डेनम डायसल्फाइड ह्या दुसऱ्या थरांच्या पदार्थावर अतिशय उच्च निर्वातांत प्रयोग केले, तेव्हां घर्षण दाबाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास उतरलें. तरी, कोन फिरविला आणि घर्षण गेलें, पुन्हां फिरविला आणि आलें, असा निर्णायक पुरावा कोणीं पुढें ठेवला नव्हता.

तो पुरावा हॉलंडमधल्या लायडन येथें मिळाला. हें गांव विज्ञानाच्या इतिहासांत आधींच प्रसिद्ध आहे. येथेंच १९११ सालीं कामर्लिंग ओन्नेस ह्यानें अतिशीत पाऱ्यांतून वीज कसलाही अडथळा न होतां वाहते हें पाहिलें होतें. अतिवाहकता ती हीच. योस्ट फ्रेंकन ह्याच्या गटांतला मार्टिन डीनवीबेल टंगस्टनच्या टोंकानें ग्रॅफाइटवरील घर्षण मोजीत होता आणि ग्रॅफाइटचा तुकडा थोडथोडा फिरवून पुन्हां पुन्हां मोजमाप घेत होता. फिरवितां फिरवितां एका विशिष्ट कोनावर घर्षण एकदम वाढलें, मग पडलें, आणि सुमारें ६० अंशांनंतर पुन्हां वाढलें. टोंक टंगस्टनचें, त्याला ६० अंशांची ओळख कोठून असणार? उलगडा असा झाला कीं, टंगस्टनच्या टोंकाला ग्रॅफाइटचीच एक कपची, शंभरेक परमाणूंची, आपोआप चिकटून आली होती. घर्षण टंगस्टन आणि ग्रॅफाइट ह्यांत नव्हतेंच. तें ग्रॅफाइट आणि ग्रॅफाइट ह्यांत होतें.

आपल्या स्वयंपाकघरांतलें सात खळग्यांचें आप्पेपात्र डोळ्यांपुढें आणा: मध्यें एक खळगा, भोंवतीं सहा. तसेंच दुसरें पात्र त्यावर ठेवलें तर वरच्याचे फुगवटे खालच्या खळग्यांत बरोबर बसतात आणि तें हालत नाहीं. तें थोडेसें फिरविलें कीं फुगवटे कडांवर चढून पात्र अधर राहतें, सहज सरकतें. वर्तुळाचा सहावा भाग, म्हणजे ६० अंश, फिरविलें कीं पुन्हां बैठक बसते. लायडनला हेंच घडलें. बैठक जुळली तेव्हां घर्षण सुमारें ३०० पिकोन्यूटन, म्हणजे एका ग्रॅमच्या तीन कोटींव्या हिश्श्याच्या वजनाएवढें; आणि मधल्या कोनांत त्याच्या विसाव्या हिश्श्याइतकें, जें उपकरणाच्या मोजण्याच्या मर्यादेंतच बुडून जात होतें. हा निबंध २००४ सालीं छापला गेला. लेस्लीचा आक्षेप १८०४ सालचा. बरोबर २०० वर्षांनीं चढउतारांचा हिशेब शून्यावर आलेला मनुष्यानें डोळ्यांनीं पाहिला.

मग आपल्या दाराच्या बिजागऱ्या अजून कां कुरकुरतात, असें श्रोते विचारतील. एक कारण अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गणितानें १९९९ सालींच सांगितलें होतें. आपल्या हवेंत कोणताही पृष्ठभाग उघडा राहत नाहीं. त्यावर तेलकट आणि ओलसर रेणूंचा पातळ थर बसलेला असतो. हे सैल रेणु दोन्ही बाजूंच्या खळग्यांत आपापली जागा करून घेतात आणि न जुळणारे पृष्ठभागही जखडतात. दुसरें कारण असें कीं, लहानशी कपची सरकतां सरकतां आपसूक फिरते, जुळणाऱ्या कोनावर येऊन बसते आणि घर्षण परततें. हें लायडनच्याच मंडळींनीं इतरांच्या साह्यानें २००८ सालीं दाखविलें. तिसरें, मोठ्या वस्तूच्या पृष्ठभागाला कडा, चिरा आणि दोष असावयाचेच.

त्याच वर्षीं चीनमधून मात्र एक विलक्षण वार्ता आली. झंग छ्वानश्वेइ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ग्रॅफाइटचे कांहीं मायक्रोमीटर रुंदीचे चौकोनी खांब कोरले. असा खांब आपल्या केंसाच्या जाडीहूनही अरुंद असतो. त्याचा वरचा पापुद्रा सुईनें बाजूला ढकलून सुई काढून घेतली कीं पापुद्रा आपोआप जागेवर परत येई. दोन थरांची परस्परांची ओढ त्याला आंत खेंची आणि मध्यें अडविणारें घर्षण जवळजवळ नव्हतें. २०१२ सालीं बीजिंगच्या छिंग्हुआ विद्यापीठांतून त्यांनीं तो फिरवून पाहिला, तेव्हां ठराविक कोनांवर तो जखडून बसे. म्हणजे ही तीच अतिस्निग्धता, पण शंभर परमाणूंची नव्हे, कोट्यवधि परमाणूंची. २०१५ सालीं अमेरिकेच्या आर्गोन प्रयोगशाळेंत ग्रॅफीनच्या चिंध्या हिऱ्याच्या अतिसूक्ष्म कणांभोंवतीं गुंडाळल्या जाऊन त्यांचे जणुं छर्रे झाले, आणि हिऱ्यासारख्या कार्बनच्या पृष्ठभागावर घर्षण दाबाच्या हजारांत चार भागांवर आलें. हा प्रयोग डोळ्यांना दिसेल एवढ्या जागेवर झाला. पण कोरड्या वायूंतच. दमट हवा आंत सोडली कीं घर्षण परत वाढे. विमानांतल्या ब्रशांना ओलावा हवा होता, ह्याला ओलावा खपत नाहीं!

ह्या खटाटोपाचें मोल किती, तें एका आंकड्यावरून समजावें. होल्मबर्ग आणि एर्देमिर ह्यांनीं २०१७ सालीं मांडलेल्या हिशेबाप्रमाणें जगांत वापरल्या जाणाऱ्या एकंदर ऊर्जेपैकीं शेंकडा सुमारें २० घर्षणावर मात करण्यांत आणि शेंकडा ३ झिजलेले भाग पुन्हां बनविण्यांत जाते.

तो मुलगा आतां चाळिशी ओलांडून गेला असेल. तो कोठें आहे हें मला ठाऊक नाहीं. निवृत्तीनंतर मीं बाजारांतून वीतभर लांबीचीं दोन नवीं तावदानें आणलीं, स्वच्छ धुतलीं, पुसून कोरडीं केलीं आणि मध्यें कागद न घालतां एकमेकांवर दाबून ठेवलीं. तीं अजून माझ्या टेबलावर आहेत. दोन्ही हातांनीं जोर करूनही मला तीं सरकवितां आलीं नाहींत.